मधली ओळ

सासऱ्यांच्या कापडगिरणीतला संगणक सुधारला तर जावईबापूंना रंगखात्याची केबिन मिळणार होती, शिवाय सासऱ्यांच्या तोंडून जन्मात एकदा 'शाब्बास'. नाही सुधारला तर काय, हा हिशेब त्यांनी मांडलाच नव्हता.

कापड रंगवायच्या टाकीचा प्रोग्राम चिनी, संगणक इंग्रजी. पडद्यावर नुसता कचरा दिसे: टोपीवाला ए, उलटं प्रश्नचिन्ह, चौकटी. त्या कचऱ्यावरच रंगखात्यातल्या मावशी सात वर्षं टाकी चालवत होत्या.

टाकीत निळं कापड तापत असतानाच जावईबापूंनी सेटिंगमधली भाषा बदलली. संगणक बंद होऊन चालू झाला. टाकी आपली तापतच होती.

"बघा मावशी! कशी स्वच्छ चिनी अक्षरं!"

मावशींनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "अहो, माझा टोपीवाला ए कुठाय?"

"तो कचरा होता!"

"त्याच्यावरच थंड करते मी टाकी. आणि ह्या ओळीसुद्धा खालीवर झाल्यात. होतं तसं करून द्या."

"दहा मिनिटं लागतील."

"दोनसुद्धा नाहीत. एकशे तीसच्या वर गेली की रंग हातचा गेला."

काटा एकशे सव्वीसवर होता. जावईबापूंनी पडद्यासमोर फोन धरला. फोनने अर्थ सांगितला: थंड करा. खालच्या ओळीचा: थंड करा. त्याखालच्या ओळीचा: थंड करा.

"तिन्ही थंडच करतात," मावशी म्हणाल्या. "पण हळूहळू करणारी एकच. बाकीच्या दोन्हींनी कापड आखडतं, कायमच्या सुरकुत्या पडतात. मग इस्त्री फिरवा नाहीतर रोलर."

एकशे अठ्ठावीस. जावईबापूंच्या कपाळावरून घाम ओघळला.

"मधली दाबा."

"नक्की?"

"मी सांगतोय ना!"

मावशींनी दाबली. नळात धडधड झाली, आणि काटा दगड सोडल्यासारखा खाली आला. मावशींनी तो पाहिलाच नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

तासाभराने सासरे आले. ओल्या कापडावरून त्यांनी तळहात फिरवला. सुरकुती हलेना.

"कुणी दाबलं?"

जावईबापू रुमालाने पडदा पुसत होते. एकच कोपरा, पुन्हा पुन्हा.

"मी," मावशी म्हणाल्या, आणि जरा थांबल्या. रुमाल काही थांबला नाही.

"पडदा मात्र झकास केलात हो," सासरे जावयाला म्हणाले आणि केबिनची किल्ली त्यांच्या पुढ्यात ठेवली.

मावशींना उद्यापासून घडीखातं. पहिलं काम, हेच कापड.