निघायचा दिवस

माझ्या नवऱ्याचं, सिरिलचं मालवाहू जहाज कधी सुटणार, हे इंग्लंडमधल्या बर्कनहेड बंदरातल्या आमच्या खलाशी गल्लीत कोणी चुकूनही बोलत नव्हतं. मालवाहू जहाजांच्या गेल्या दोन ताफ्यांच्या वाटेवर जर्मन पाणबुड्या जणू आधीच येऊन बसल्या होत्या. राखणीला युद्धनौका असूनही निम्मी जहाजं बुडाली. म्हणून सिरिलने त्या पहाटे मलासुद्धा फक्त कानात सांगितलं, तान्ह्या डोरीनचा पापा घेतला आणि तो गेला.

मी लंगोटांची बादली उचलली, तशा सासूबाई ओरडल्या, "ठेव ती खाली! नवरा बोटीवर चढला त्या दिवशी कपडे धुतले, तर समुद्र त्याला धुऊन नेतो. इथली प्रत्येक बाई पाळते हे."

"कॉलेजात नव्हतं हो शिकवलं."

"म्हणून तर मला शिकवावं लागतंय, इनिडबाई!"

मला हसू आलं, पण बादलीला हात लावायचा धीर काही झाला नाही.

दुपारपर्यंत सिरिलचा ताफा नदीबाहेर पडून दिसेनासा झाला. तेवढ्यात नवा पाववाला दारात आला. गावात येऊन त्याला आठवडाही झाला नव्हता.

"काय वहिनी, आज ताफा सुटला वाटतं?"

मी चटकन गल्लीत दोन्हीकडे पाहिलं. "कोणी सांगितलं तुम्हाला?"



"सांगायला कशाला हवं? सोमवार म्हणजे धुण्याचा वार, त्यात एवढं लख्ख ऊन, आणि खलाशांच्या एकाही घराच्या दोरीवर साधी चिंधी वाळत नाहीये!"