बोलका नकाशा

कपाटाची किल्ली लागेना. सहावीच्या बाई सारख्या दाराकडे बघत होत्या.

"बाई, हे कपाट शेवटचं कधी उघडलं होतं?" जुडग्यातली अकरावी किल्ली घालत शिपाईकाकांनी विचारलं.

"हळू बोला हो, काका."

"मी हळूच बोलतोय. कुलूपच बोंबलतंय."

बाराव्या किल्लीने कपाट उघडलं. आत शाळेचे आठ टॅब. वर इतकी धूळ, की बोटाने नाव लिहावं. बाईंनी रुमाल ओला करून एकेक पुसला, चार्जिंगला लावला. पाच चालू झाले. प्रयोगवाले गुरुजी पोचायला पाऊण तास उरला होता.

गुरुजींना बाईंनी कधी पाहिलं नव्हतं, पण ओळख दीड वर्षाची. वर्गात टॅब कसे वापरावेत यावर ते ब्लॉग लिहायचे. दर पंधरा दिवसांनी नवा प्रयोग, आणि वाचायला अठरा हजार शिक्षक. ब्लॉगखाली तसं कळवून बाईंनी त्यातला एक करून पाहिला. नेट गेलं, टॅबवरून दोन मुलींची जुंपली, तास वाया गेला. त्याच संध्याकाळी गुरुजींचा निरोप आला, "तुमच्या वर्गात कसा झाला प्रयोग? मनापासून जाणून घ्यायचंय."

अकरा वर्षांच्या नोकरीत बाईंना असं कोणी काही विचारलं नव्हतं. घरी विचारायचे, पण ते मोज्यांबद्दल. बाईंनी लिहून टाकलं, "छान झाला."

एकदा छान म्हटल्यावर पुढच्याला वाईट कोणत्या तोंडाने म्हणायचं? बाईंनी स्वतःचा ब्लॉग काढला. गुरुजींचा प्रयोग आला की डोळे मिटून तो वर्गात झालाय असं बघायचं आणि बघितलेलं लिहायचं. मुलं काय म्हणाली, कोण लाजलं, कोण हसलं, सगळं. चौतीस प्रयोग असे छान झाले. परक्या शाळांतून फोन येऊ लागले. एका बाईंनी तर त्यांचं वाचून, मुख्याध्यापकांच्या हातापाया पडून, वर्गासाठी टॅब मिळवले होते. त्या फोननंतर दोन दिवस बाईंना घास गिळवला नव्हता.

आणि आता गुरुजींनी कळवलं होतं, "बोलका नकाशा तुमच्या वर्गात प्रत्यक्ष पाहायचाय."

"ताप आलाय म्हणून सांग," सकाळी नवरा म्हणाला होता.

"मोठ्या बाईंनी दारात स्वागताचा फळा लावलाय."

"मग त्यांनाही ताप आलाय म्हणून सांग."

गुरुजी वेळेवर आले. किडकिडीत माणूस, खांद्याला झिजलेली पिशवी, चेहऱ्यावर हसू नाही. मोठ्या बाईंचा चहा त्यांनी नको म्हटला. वर्गात शेवटच्या बाकावर बसून त्यांनी वही उघडली.

"तुम्ही नेहमी करता तसंच करा, बाई."

'नेहमी' हा शब्द बाईंना सुईसारखा टोचला.

"सर, सुरुवात तुम्हीच करून देता का? मुलांना आवडेल."

"नको, नको. तुमच्याच हातून होऊ दे."

परीक्षा घेताहेत, बाईंनी ओळखलं.

गुरुजींनी लिहिलेला प्रयोग असा होता: मुलांनी गट करून टॅबवर आपापल्या गल्लीबद्दल बोलायचं, सगळ्यांनी एकदमच, म्हणजे वेळ वाचतो. मग ते आवाज नकाशावरच्या घरांना जोडायचे. घरावर बोट ठेवलं की घर बोलणार.

"गट किती जणांचा करता?" गुरुजींनी विचारलं.

"आठ... आठ जणांचा."

त्यांनी लिहून घेतलं. "आणि आवाज भरताना मुलं बसतात कुठे?"

"तुम्ही लिहिलंय तिथेच, सर. वर्गातच."

गुरुजींनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून तेही लिहून घेतलं.

एक्केचाळीस मुलं पाच टॅबवर एकाच वेळी ओरडली. खिडकीतली कबुतरं उडाली. बाईंनी ते आवाज नकाशाला जोडले आणि पहिल्या घरावर बोट ठेवलं. घरातून बाजार भरल्यासारखा कालवा आला आणि त्यावर एक खणखणीत आवाज, "ए, माझं दप्तर सोड!"

दुसरं घर. "ए, माझं दप्तर सोड!"

तिसऱ्या घरातूनही दप्तरच. वर्ग हसून लोळायला लागला.

"सगळ्यांचे आवाज एकमेकांत मिसळतात तर," गुरुजी सावकाश म्हणाले. हसले नाहीत.

या टोमण्याने बाईंची कानशिलं तापली.

तेवढ्यात पहिल्या बाकावरची वर्गाची बडबडी उभी राहिली. "बाई, हे रोज करूया ना! आपण पहिल्यांदाच केलं, तरी काय मजा आली!"

गुरुजींचं पेन थांबलं.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. वर्ग ओस पडला. बाई खडूचा तुकडा मुठीत धरून टेबलाशी उभ्या राहिल्या. आज घरी जाऊन हा माणूस दोन ओळी लिहील आणि अठरा हजार लोकांत आपली अब्रू जाईल. त्या टॅबवाल्या बाईही वाचतील. त्यापेक्षा आपल्या तोंडाने सांगितलेलं बरं.

"सर, मी खोटं लिहिलं. चौतीसच्या चौतीस. यातला एकही प्रयोग माझ्या वर्गात झालेला नाही. तुम्हाला काय लिहायचं ते लिहा, फक्त शाळेचं नाव घालू नका."

गुरुजींनी वही मिटली. त्यांचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला होता. उठायला गेले आणि बाकाला धरून पुन्हा खाली बसले.

"एकही नाही?"

"एकही नाही, सर."

"अहो बाई," ते कसंबसं म्हणाले, "माझ्या शाळेत तर टॅबच नाहीत. मी सुचेल ते लिहायचो, आणि तुम्ही छान झालं म्हणालात की पुढचं लिहायचो."