पाचवं छिद्र

"समुद्री गोगलगायीनं पाडलंय, आतलं मांस खायला," मुलगी म्हणाली. "बाहेरून रुंद, आत निमुळतं. बाबांनी तेच पाचवं छिद्र धरलं."

संग्रहालयाचे प्रमुख भिंगावरून उठले. टेबलावर जुना दगड होता आणि भोवती खाणीतून आलेले तसलेच नवे. सगळे दगड झालेले सी अर्चिन, समुद्रतळाच्या वाळूत राहणारे काटेरी जीव. काटे केव्हाच गळालेले, पाठीवर पाच पाकळ्यांची नक्षी तेवढी राहिलेली. त्यांचा वंश नामशेष होऊन युगं लोटली होती.

पाकळ्या जिथे मिळतात तिथे बारीक छिद्रं असतात. त्यांतून मादी अंडी सोडते, नर बीज. या कुळात छिद्रं चार. बाबांना ऐन उमेदीत एकच दगड सापडला आणि त्यात पाच दिसली. त्यांनी वेगळी प्रजाती मांडली, तिला बायकोचं नाव दिलं. उभ्या आयुष्यात त्यांच्या नावावर तेवढी एकच.

"नवे कोणी पाठवले?"

"नाव नाही. खोक्यावर नुसतं खाणीचं नाव. माणूस जपणारा दिसतो. मऊ ब्रशनं घासून धुतलेत, एकाचाही कंगोरा उडालेला नाही."

"म्हणजे तुझ्या बाबांची वेगळी प्रजाती बुडाली."

"बुडाली. आता बाबांना कुठल्या तोंडानं सांगू? छातीचं ऑपरेशन आत्ता कुठे झालंय. डॉक्टर म्हणतात, मनाला धक्का नको."

"छापून आल्यावर दुसऱ्याकडून कळेल, त्यापेक्षा तू सांग."

घरी आई बाहेरच्या खोलीत गुडघ्याला मलम चोळत बसली होती. मागच्या काचेच्या कपाटात त्या दगडाची प्लास्टरची प्रतिकृती होती. आल्यागेल्याला आई ती दाखवायची, "ही मी," म्हणायची, आणि घर हसायचं.

"परत गुडघे?"

"फिरणं जरा अंगाशी आलं."

"कोणी सांगितलं एवढं फिरायला?"

"तू माझी सासू होऊ नकोस. आत जा, वाट बघतायत."

मुलीनं पलंगाशी स्टूल ओढलं. औषधाची बाटली आधी हाताशी घेतली.

"बाबा, ते पाचवं छिद्र..."

"गोगलगायीचं," बाबा म्हणाले.

तिनं बाटली खाली ठेवली.

"नवं भिंग आलं तेव्हाच मी चरकलो होतो. पण एकाच दगडावर मांडलेलं एकाच दगडावर मोडायचं कसं? दुसरा हवा होता. खाणीत उतरायला पाय राहिले नाहीत माझे. मिळाले का?"

"मिळाले. सगळ्यांना चारच."

बाबांनी डोळे मिटले. ती घाबरून वाकली, तर ते हसत होते.

"सुटलो गं. केवढा धोंडा उतरला छातीवरचा. डॉक्टरला जमलं नाही ते तू केलंस."

"आणि मी रात्रभर रडत होते."

"वेडी आहेस." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुझ्या आईला मात्र इतक्यात सांगू नकोस. किती मिरवते ते नाव. मोडून पडेल ती."

मुलीनं मान हलवली. थोड्या वेळात त्यांना गाढ झोप लागली. ती स्वयंपाकघरात आली. तिचेही खांदे सैल झाले होते. आई ओट्याशी पाठमोरी भाजी धूत होती.

"काय म्हणाले?"

"काही नाही. बरे आहेत. झोपले."

"ते कळलं, घोरणं इथवर येतंय." आईनं नळ बंद केला. "बरं झालं. आता झोपेत 'पाचवं, पाचवं' तरी करणार नाहीत."

आईनं पदराला हात पुसले आणि दाराकडे एक नजर टाकली.

"सगळ्यांना चारच होती ना? मी धुताना दोनदोनदा मोजली होती. खोकं कोणी पाठवलं ते मात्र त्यांना कळू देऊ नकोस, मोडून पडतील."