रडण्याचा शॉट

मी सहा वर्षांचा असताना मला रडवायला दिग्दर्शक कानात कुजबुजले, "तुझी आई तुला टाकून गेली." मी ढसाढसा रडलो. आई तेव्हा दिव्यांमागेच बसली होती, माझ्याकडे पाठ करून. त्या एका शॉटवर मी स्टार झालो, घरावर दुसरा मजला चढला.

आई जाऊन अकरा वर्षं झाली. आता मला कुणी कामं देत नाही. सेटवर लहान मुलांना रडवायला तेवढं बोलावतात.

आज एका चिमुरडीच्या कानात मी तेच वाक्य सांगितलं. लाज वाटली, तरी सांगितलं.

ती रडली नाही. "माझी आई बाहेर चहा पितेय," ती म्हणाली.

मग माझ्या खांद्यावरून मागे बघत हळूच म्हणाली, "काका, दिव्यांमागे पाठ करून बसलेल्या त्या आजी आता वळतायत."