सहा क्लबांचा आकडा

बदामाची दश्शी, गुलाम, राणी, राजा. नादीनने चौघांना धरून ठेवलं, पाचवं पान सोडलं आणि पत्त्यांच्या मशीनचं बटण दाबलं. बदामाचा एक्का आला.

वरचा जॅकपॉटचा आकडा लुकलुकला आणि मशीन जागच्या जागी थबकलं. आनंद व्हायच्या आधीच नादीनला घाम फुटला. पत्त्यांना पुन्हा हात लावणार नाही, अशी तिने मुलीची शपथ घेतली होती. आत्ताही नवऱ्याच्या हिशेबी ती दाताच्या डॉक्टरकडे होती. "पुन्हा बसलीस, तर मुलीला घेऊन जाईन," असं पेयो एकदाच म्हणाला होता, आणि तो उगाच बोलणाऱ्यातला नव्हता.

क्लबातली ओपल तिचं ओळखपत्र घ्यायला आली.

"ओपल, माझं नाव कुठे येऊ देऊ नकोस. हात जोडते."

"अगं, पेपरात नाही देत. पण तारेने जोडलेल्या सहाही क्लबांत नाव पुकारावंच लागतं. इथे बॅटल माउंटनला, तिकडे एल्कोला, सगळीकडे एकदम. सगळ्यांच्या मशीनवरचा आकडा खाली येतो ना! लोक विचारतात, कोणी नेला म्हणून." ओपल हसली. "घाबरतेस कशाला? तुझा नवरा क्लबात पाऊल तरी टाकतो का?"

तेही खरंच. पेयोला जुगाराचा तिटकारा. दर शनिवारी तो एल्कोच्या चर्चमध्ये जायचा. तिथे जुगाऱ्यांच्या घरच्यांची बैठक असते. आजही तो तिकडेच गेला होता. तिच्या पायी बिचारा तासन् तास परक्यांची रडगाणी ऐकायचा. नादीनला स्वतःची लाज वाटली. हा पैसा कुठल्या तोंडाने त्याच्यापुढे ठेवायचा? नकोच ती लपवाछपवी. त्याला सगळं आपणच सांगून टाकावं.

ओपल ओळखपत्र घेऊन कागद भरायला आत गेली, तशी ती बाहेर आली, गाडीत बसली, काचा वर केल्या आणि फोन लावला.

"बोल," पेयो म्हणाला. त्याचा आवाज पडलेला होता.

"काय रे, बरं नाही का?"

"काही नाही. आज जरा मनासारखं झालं नाही."

"मागे कसला गलका आहे?"

"बैठकीत कॉफीची सुट्टी झालीय. तुझा दात कसा आहे?"

"पेयो, तुला एक सांगायचंय. रागावू नकोस."

"सांग की."

नादीनने डोळे मिटले. तेवढ्यात फोनमध्ये, पेयोच्या पाठीमागे, भोंगा वाजला आणि एक बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "बॅटल माउंटनला जॅकपॉट लागला! अभिनंदन, नादीन गोइको!"