कॅमेरा नंबर तीन

आदर्शने लॅपटॉप मांडीवर उघडला, तसं ज्योतिबाने उठून स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. आत त्याची बायको, जयाबाई, चहा ठेवत होती. तिच्या कानावर यातलं काही जाऊ नये, असं त्याला वाटत असावं.

"ज्योतिबाअण्णा, तुमची नोकरी माझ्यामुळं गेली," आदर्श म्हणाला.

एवढं एक वाक्य बोलायला तो कॅम्पातल्या आपल्या व्हिडिओ एडिटिंगच्या दुकानातून अनगोळला ज्योतिबाच्या घरापर्यंत आला होता. दोन दिवस त्याला जेवण गेलं नव्हतं. आज सकाळी मात्र त्याने करायचं ते करून टाकलं आणि छातीवरचं ओझं उतरलं. आता फक्त ज्योतिबाला सांगायचं राहिलं होतं.

दोन महिन्यांपूर्वी एका कारखान्यात प्रेस मशीनखाली मष्णू नावाच्या कामगाराचा उजवा पंजा गेला. हात आत जाऊ नये म्हणून मशीनला जाळीचं गार्ड असतं. ते त्या वेळी जागेवर नव्हतं. कोणी काढलं, हे शोधायला कंपनीने चार कॅमेऱ्यांचं चित्रण आदर्शकडे दिलं. मंगळवारचं, म्हणजे अपघाताच्या दिवसाचं, आणि पडताळून बघायला सोमवारचंही.

आदर्श व्हिडिओ हाताने जोडत नसे, स्क्रिप्ट, म्हणजे कम्प्युटरने ओळीने पाळायच्या सूचना, लिहायचा. स्क्रिप्टमध्ये क्लिपला एक नाव द्यायचं आणि पुढचं सगळं काम त्या नावाने चालायचं. त्याच्या कम्प्युटरची मेमरी कमी. आठ क्लिप एकदम उघडल्या की तो अडकून बसे. म्हणून त्याने एकच नाव पुन्हा पुन्हा वापरलं. एक क्लिप उघडायची, हवा तो तुकडा घ्यायचा, मग त्याच नावावर पुढची क्लिप. पुढची आली की आधीची मेमरीतून सुटते. एखादी उघडली नाही तर काम थांबू नये, म्हणून ती चूक गिळून पुढे जाण्याची ओळही त्यानेच घातली होती.

तिथेच घात झाला. कॅमेरा नंबर तीनची मंगळवारची क्लिप मेमरी अपुरी पडल्यामुळे उघडलीच नाही. त्या नावात त्याच कॅमेऱ्याची सोमवारची क्लिप तशीच राहिली. स्क्रिप्टने तिचाच तुकडा मंगळवारच्या जागी लावला. कॅमेऱ्यांची घड्याळं एकमेकांशी जुळत नव्हती, म्हणून आदर्शने चित्रावरची मूळ तारीख-वेळ आधीच कापून टाकली होती. स्क्रिप्टने वर मंगळवारची वेळ छापली. ज्योतिबा तिथला फिटर. सोमवारी मशीन बंद ठेवून त्याने दुरुस्तीसाठी गार्ड काढलं होतं आणि नंतर परत बसवलं होतं. पडद्यावर तो अपघाताच्या दहा मिनिटं आधी गार्ड काढून निघून जाताना दिसला.

चौकशीत ज्योतिबा एवढंच म्हणाला, "चूक माझी हाय." कागदावर सही केली आणि घरी आला.

परवा जुन्या फायली पुसताना आदर्शला स्क्रिप्टने ठेवलेली नोंद दिसली. क्लिप उघडली नाही. त्याने मंगळवारची ती क्लिप शोधून काढली.

आता त्याने ती ज्योतिबासमोर चालवली. मष्णू एकटाच मशीनपाशी येतो. मागे वळून बघतो. बोल्ट सोडतो, गार्ड उचलून भिंतीला टेकवतो.

"त्यानंच काढलं, अण्णा. तुमचा काय बी दोष न्हाय."

ज्योतिबाने क्लिप शेवटपर्यंत बघितली.

"मला म्हायती हाय," तो म्हणाला.

"मग तवा बोलला का न्हाईसा?"

"बोललो असतो तर त्यांनी समदं चित्रण परत बघितलं असतं." ज्योतिबाने आवाज खाली आणला. "गार्ड काढलं की नग लई निघत्यात. समदेच काढत्यात. सुपरवायझर बघून न बघितल्यागत करतोय, आन् मी बी तेच केलं. पर कामगारानं आपल्या हातानं काढलं म्हणलं की कंपनी हात वर करती. फिटर इसरला म्हणलं की भरपाई द्यावीच लागती. मष्णूची पोरगी नववीला हाय. मला दुसरीकडं काम गावंल. त्याला पंजा कुठला गावणार?"

जयाबाईने चहा आणून ठेवला. "कंपनीतनं आलाय काय?" तिने विचारलं.

"व्हय," ज्योतिबा म्हणाला. "हिशेबाचं बोलाय आल्यात."

ती आत जाईपर्यंत तो थांबला. मग त्याने लॅपटॉपचं झाकण हळूच मिटलं.

"येत्या शुक्रवारी मष्णूच्या भरपाईच्या कागदावर सही हाय. तुमी वाईट वाटून घेऊ नगा. हे तेवढं पुसून टाका. आजून कुणाला दावलं न्हाईसा न्हवं?"

सकाळी नऊ वाजताच आदर्शने ती क्लिप, आपली चूक कबूल करणाऱ्या पत्रासकट, कंपनीला पाठवली होती. कंपनीने अर्ध्या तासात उत्तर धाडून त्याचे मनापासून आभार मानले होते.