ओझेलाचा कान

"आधी कव्हर झाक," ओझेला म्हणाली. "नाहीतर उद्या गावभर सांगत सुटशील, म्हातारी वाचून बोलते म्हणून."

मार्सेलने हसत अल्बमवर वर्तमानपत्र टाकलं. ट्रेमे वस्तीतल्या त्याच्या रेकॉर्डच्या दुकानात सोमवारी फारसं कोणी फिरकत नसे. आज दाराजवळ एक पोक्त बाई खोक्यातल्या रेकॉर्डी चाळत होती, तेवढीच. ओझेला नेहमीप्रमाणे लाल राजमा आणि भाताचा डबा घेऊन आली होती. न्यू ऑर्लिन्समध्ये सोमवारी दुसरं काही शिजतच नाही.

खेळ जुनाच, जॅझवाल्यांच्या घरोघरी चालणारा. नाव न सांगता रेकॉर्ड लावायची आणि वाजवणारा कोण, ते ऐकणाऱ्याने ओळखायचं. दोन वर्षांपूर्वी मार्सेलने मोबील शहरातून येऊन हे दुकान घेतलं, तेव्हापासून तो नव्या पोरापोरींचे अल्बम शोधून तिला असेच ऐकवायचा. अट एकच होती, ओझेलाने पहिल्याच दिवशी घातलेली. पियानो नको.

पियानो तिचा लायनेल वाजवायचा.

नऊ वर्षांपूर्वी त्याने घरच्या फोनवर निरोप ठेवला होता. निरोप अर्धाच राहिला, कारण मागून कोणीतरी ओरडत होतं, "आज तुला नदीतच बुडवतो." सकाळी लायनेलचा कोट मिसिसिपीच्या काठावर मिळाला. लायनेल मिळाला नाही. रिकाम्या शवपेटीमागे बँड वाजवत लोकांनी त्याला पोचवलं.

तो मागचा आवाज पोलिसांना ओळखता येईना. ओझेलाने एकदा ऐकला आणि नाव सांगितलं. रोलँड, लायनेलच्याच बँडमध्ये बेस वाजवणारा. रोलँड शेवटपर्यंत "मी नाही, मी नाही" म्हणत राहिला. कोर्टाने आईच्या कानावर विश्वास ठेवला आणि त्याला जन्मठेप झाली.

आता तो खटला पुन्हा उघडत होता. रोलँडची कोणी नवी वकील म्हणे विचारत होती, एका बाईच्या कानावर माणूस जन्मभर आत कसा? गुरुवारी ओझेलाला परत साक्षीला उभं राहायचं होतं. संतापाने तिची झोप उडाली होती. तिचा कान कुचकामी ठरला, तर तिच्या पोराला मारणारा उजळ माथ्याने घरी जाणार होता.

"आज नीट परीक्षा घे माझी," ती म्हणाली. "दयामाया नको."

सॅक्सोफोन सुरू झाला. ओझेलाने डोळे मिटले.

"शिकागोची पोरगी. अनीस कोलियर. चर्चमध्ये शिकलीय, पण श्वासाची फार घाई. कुणी मागे लागल्यासारखी वाजवते."

मार्सेलने वर्तमानपत्र उचललं. अनीस कोलियरच होती.

दुसऱ्या अल्बमवर कोणी पुरुष गात होता. दोन ओळी झाल्या आणि ओझेलाने हात वर केला. "हा नदीपलीकडचा डेझमंड. कण्हतो तर असा, जसं काही दहा बायका सोडून गेल्यात. अजून एक तरी मिळालीय का त्याला?"

तोही बरोबर निघाला.

"कान अगदी शाबूत आहे, मावशी," मार्सेल म्हणाला. "शपथेवर सांगाल?"

"बायबल आण. हा कान आजवर माणूस ओळखायला चुकलेला नाही." तिला खूप बरं वाटलं. तिने डबा त्याच्यापुढे सरकवला. "खा. आणि उरेल तो भावाला घेऊन जा."

"त्याला बाहेरचं खायला देत नाहीत, मावशी."

पथ्यावर असेल बिचारा, कुठल्याशा इस्पितळात. ओझेलाने आजवर खोदून विचारलं नव्हतं, आजही विचारलं नाही.

मार्सेलने तिसरी रेकॉर्ड लावली. सुई टेकली आणि पियानो वाजू लागला.

"अट विसरलास?" ओझेला उठली. तिला खरंच राग आला होता. "बंद कर ते."

"एकच मिनिट बसा. पाया पडतो."

ती पर्स घेऊन वळली आणि जागीच थांबली. पियानोच्या खाली कोणीतरी गुणगुणत होतं, सुरापेक्षा किंचित उतरून. या सवयीपायी तिने लायनेलला किती वेळा पळीने मारलं होतं. वाजव, रडू नकोस, म्हणायची.

आणि चालही तिचीच. तान्ह्या लायनेलला मांडीवर घेऊन राजमा निवडताना ती हेच गुणगुणायची. स्वतःच जुळवलेली चाल, कुठे लिहिलेली नाही, घराबाहेर कोणी ऐकलेली नाही.

 ती मटकन खुर्चीत बसली.

"हे कधीचं?"

"गेल्या फेब्रुवारीतलं. नॉर्वेत राहतो म्हणे हा पियानोवाला. फोटो कुठेच छापू देत नाही."

नऊ वर्षं ती त्या रिकाम्या थडग्यावर फुलं ठेवत आली होती. तिला हसू आलं, रडू आलं, आणि या कार्ट्याच्या कानाखाली एक वाजवावी असंही वाटलं.

"जिवंत आहे मेला," ती म्हणाली. "जिवंत आहे, आणि आईला एक फोन नाही."

"कोण, मावशी?"

"माझा लायनेल. लायनेल वाजवतोय."

"नीट ऐका. नक्की?"

"जन्म दिलाय मी त्याला. आणि हा कान आजवर माणूस ओळखायला चुकलाय का?"

मार्सेलने सुई उचलली. तो रडत होता. माझ्या आनंदात हा पोरगा रडतोय, या विचाराने ओझेलाने त्याचा हात घट्ट धरला. दाराजवळची बाई रेकॉर्डी चाळायची थांबली होती आणि आता अगदी तिच्या खुर्चीमागे येऊन उभी होती.

"ऐकलंत ना, वकीलबाई?" मार्सेल म्हणाला. "आता माझ्या भावाला घरी आणा. रोलँडला."